आत्या, तुझ्या वजनाविषयी

प्रिय आत्या,



तू सेप्सिसमधून उठून घरी आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण तुझ्या वजनावर बोलतोय, असं आई फोनवर सांगत होती. कुणी म्हणतं, अंगाने भरलेली होतीस म्हणून एवढ्या दुखण्यातून तगलीस. कुणी म्हणतं, या निमित्ताने बारीक तरी झालीस. आणि तुला दोन्ही पटतंय. आयसीयूत रोज सेप्सिसचे रुग्ण बघणाऱ्या तुझ्या भाचीला यातलं दुसरं वाक्य जास्त छळतं, म्हणून हे पत्र.

पहिलं वाक्य अगदीच हवेतलं नाही. सेप्सिसमध्ये जंतूंशी लढता लढता शरीराचा प्रतिकार भरकटतो आणि आपल्याच अवयवांवर उठतो. 2017 या एका वर्षात जगभरात अंदाजे 1 कोटी 10 लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते. अशा आजारात जाड माणसं अधिक दगावत असतील, असं कुणालाही वाटेल. पण आयसीयूतल्या रुग्णांचे बरेच अभ्यास उलटं सांगतात. उंचीच्या मानाने वजन जास्त असलेले थोडे अधिक वाचतात, अगदी किडकिडीत असलेले कमी. चरबी ही अडीअडचणीची बेगमी असते, ताप आणि उपासमारीच्या दिवसांत ती कामाला येते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ते मी उडवून लावणार नाही.

पण ही मोजणी सुरू होते आयसीयूच्या दारापासून. त्या दारापर्यंत कोण येतं? 2009 च्या स्वाइन फ्लूमध्ये आणि 2020 च्या कोविडमध्ये आजार गंभीर होण्याचा धोका स्थूल माणसांना जास्त होता; दाराआतल्या मोजणीत तो दिसत नाही. बारीक रुग्णांत तर कॅन्सर, क्षय, जुनाट किडनीविकार यांनी आधीच झिजवलेले कितीतरी जण असतात. ते बारीक आहेत म्हणून दगावले, की ज्या रोगाने बारीक केलं त्यानेच नेलं? शिवाय फाइलमधलं वजन तरी कुठे खरं असतं! बेशुद्ध माणूस काट्यावर उभा राहत नाही; मग नातेवाइकांना विचारायचं, नाहीतर नजरेने अंदाज करायचा. बीपी कोसळलेल्या रुग्णाला पहिल्या 3 तासांत किलोमागे 30 मिलिलिटर सलाईन द्यावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे 80 किलोच्या माणसाला जवळपास अडीच लिटर. त्यानंतर मोजलं, तर त्या वजनात हे पाणीही आलंच.

तुझ्यापुरतं माझं मत ठाम आहे. लघवीच्या संसर्गाने तुला हुडहुडी भरली आणि तू असंबद्ध बोलायला लागलीस, तेव्हा आतोबांनी सकाळ होण्याची वाट पाहिली नाही. त्यामुळे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं. श्रेय त्याला दे, वजनाला नको.

आता ‘बारीक तरी झालीस’ या दुसऱ्या वाक्याकडे येते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात सुमारे 9 टक्के आणि याज्ञिकांच्यात सुमारे 21. बीएमआय दोघांत फरक करत नव्हता. आपण भारतीय बरेचदा असेच असतो: दिसायला बेताचे, पण स्नायू कमी आणि पोटावर चरबी.

आयसीयूत आधी झडतात ते हे स्नायू. लंडनमध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत त्याचा छेद सरासरी सुमारे 18 टक्के घटलेला होता. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आत्या, तुझं जे वजन उतरलंय त्यात हे मांस खूप आहे. जिना चढताना पाय थरथरतात, पातेलं उचलताना हात भरून येतो, ते म्हणूनच. याला छान झालं कसं म्हणू?

गेलेलं नुसतं पडून राहून परत येत नाही. खायला हवं, पण भातावर भात नव्हे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांना औषधाबरोबर दरमहा तांदूळ, सत्तू, दूधपावडर, तेल असा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्के कमी दिसला. ती माणसं उपाशीपोटी आजारी पडलेली होती, तुझी गोष्ट वेगळी आहे. तरी आजारातून उठलेल्या शरीराला अन्न किती लागतं ते यातून कळतं. किडनीचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून प्रथिनं किती घ्यायची ते विचार, आणि मग मुगाचं धिरडं, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, असं रोज दोन्ही वेळच्या जेवणात येऊ दे. यंदाच्या चातुर्मासात उपास नकोत. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

अंगात जोर आला की पोटाचा घेर कमी करायचं आपण बघू. साखर आणि बीपीसाठी ते करायला हवंच, फक्त घाई नको. तोवर बैठकीतल्या त्या ताठ पाठीच्या खुर्चीतून हाताचा टेकू न घेता उठायचं आणि बसायचं, सकाळ-संध्याकाळ, झेपेल तेवढं. आतोबांना शेजारी उभं राहायला सांग. आणि रविवारी फोन करशील तेव्हा किलो सांगू नकोस, अशी किती वेळा उठलीस ते सांग.

तुझी,
भाची