जप्त केलेलें पुस्तक

वर्गांत पाठ चालू असतांना दुसरेंच पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडून तें काढून घेणें, हें शिक्षकाचें एक अप्रिय कर्तव्य आहे. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत भूमितीच्या वहीखालीं दडविलेलें असेंच एक चित्रकथांचें इंग्रजी पुस्तक मीं जप्त केलें व शनिवारीं परत मिळेल, असें मालकास बजावलें. घरीं गेल्यावर मात्र मीं तें उघडलें आणि रात्रीं अकरा वाजेपर्यंत खालीं ठेविलें नाहीं, ही गोष्ट आज त्या विद्यार्थ्यापुढें कबूल करितों.

त्या रात्रीं झोंप न येण्याचें कारण निराळें होतें. माझा थोरला मुलगा नऊ वर्षांचा असल्यापासून विज्ञानाच्या प्रयोगांत माझा मदतनीस आहे. खेड्यापाड्यांतील शाळांत मीं प्रयोग दाखवावे आणि त्यानें पेटी उचलावी, स्टोव्ह पेटवावा, नळ्या धुवाव्या, असा आमचा दहा वर्षांचा क्रम. त्या सायंकाळीं जेवतांना तो म्हणाला, "बाबा, यंदां वस्तींतल्या रात्रशाळेंत मी एकटाच प्रयोग दाखवीन, माझ्या पद्धतीनें." मीं उत्तर दिलें, "पेटी उचलली म्हणजे शिकवितां येतें, असें वाटलें काय तुला?" तो कांहीं बोलला नाहीं. ताटावरून मात्र अर्धपोटीं उठला.

अशा मनःस्थितींत मला डिक ग्रेसन भेटला.

बॅटमॅन हा मुखवटाधारी वीर १९३९ सालीं अमेरिकन चित्रकथेंत अवतरला. रात्रीं एकट्यानें हिंडणाऱ्या या वीराला बोलावयास कोणी तरी हवें, असें लेखक बिल फिंगर यांस वाटलें. आणि १९४० सालीं फिंगर, बॉब केन व जेरी रॉबिन्सन यांनीं त्याला एक बालसवंगडी दिला. तोच रॉबिन, नांव रॉबिन हुडवरून घेतलेलें. त्याचें खरें नांव डिक. सर्कशींतल्या झोक्यावर कसरत करणाऱ्या दांपत्याचा हा मुलगा. खंडणीखोर गुंडांनीं दोर कमकुवत केले आणि मुलाच्या डोळ्यांदेखत आईबाप कोसळून मेले. बॅटमॅननें, म्हणजे ब्रूस वेन यानें, त्याला आपल्या घरीं आणलें. त्याचेही आईबाप बालपणींच मारले गेले होते.

पुढें अनेक वर्षें रॉबिन गुरूच्या सावलींत राहिला. १९६४ सालीं त्याला समवयस्क साथी मिळाले. १९६९ सालीं तो घर सोडून महाविद्यालयांत गेला. १९८४ सालीं मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या कथेंत त्यानें नाइटविंग हें नवें नांव व नवा वेष धारण केला. माझ्या हातीं आलेलें पुस्तक याच कथेची नवी आवृत्ति होती.

गुरुशिष्यांची ही ताटातूट दोन निरनिराळ्या प्रकारें सांगितली गेली आहे, हें मला पुढें त्या विद्यार्थ्यानेंच समजाविलें. १९८४ सालींच निघालेल्या एका कथेंत डिक आपण होऊन रॉबिनचा वेष दुसऱ्या मुलास देतो. १९८७ सालच्या कथेंत मात्र तो गोळीनें जखमी होतो, आणि बॅटमॅनच त्याला या कामांतून दूर करितो. पालकहो, या दोन्ही कथा आपापल्या घरीं घडत असतात, नाहीं काय? भीतीपोटीं कठोर होणारा बाप मीं तर त्याच सायंकाळीं माझ्या ताटावर पाहिला होता.

विद्यार्थिमित्रहो, झोक्यावरचा कसरतपटु एक दांडी सोडल्यावांचून दुसरी धरूं शकत नाहीं. मधला क्षण त्याला हवेंतच काढावा लागतो. डिकनें वेष सोडला, शिकवण सोडली नाहीं. चापल्य सर्कशींतलें, तपासाची शिस्त बॅटमॅनची. परंतु बॅटमॅनचा एकलकोंडेपणा त्यानें घेतला नाहीं. तो मित्रांचा पुढारी झाला. १९९६ सालीं त्याच्या स्वतःच्या नांवाची मासिक कथामाला निघाली, आणि तींत ब्लडहेव्हन हें निराळें शहर त्यानें सांभाळलें. २००९ सालीं, बॅटमॅन मेला असें सर्वांना वाटत असतां, त्याचा मुखवटा डिकनें चढविला. आणि गुरूच्या दहा वर्षांच्या हट्टी मुलाला, डेमियनला, रॉबिन म्हणून जवळ घेतलें.

शनिवारीं मीं पुस्तक परत केलें. पुढच्या आठवड्यांत रात्रशाळेंत जाऊन शेवटच्या बांकावर बसलों. पत्र्याच्या डब्यांत थोडें पाणी उकळावयाचें, वाफेनें आंतली हवा बाहेर घालवावयाची, बूच घट्ट लावून वर गार पाणी ओतावयाचें; मग बाहेरच्या हवेच्या दाबानें डबा चेपतो. मुलानें पाणी ओतलें. डबा चेपला नाहीं. मुलें हंसूं लागलीं. बूच सैल आहे, हें मला मागूनही दिसत होतें. हात टेकून मी अर्धवट उठलों; मग पुन्हां बसलों.

त्यानें कपाळावरचा घाम पुसला आणि मुलांनाच विचारलें, "कां बरें चेपला नाहीं?" वीस वर्षांत मीं हा प्रश्न कधीं विचारला नव्हता, प्रयोग फसला कीं मी घाईनें दुसरा काढीत असें. नाना तर्क झाले. अखेर पुढच्या रांगेंतील एका मुलीनें बुचाकडे बोट दाखविलें. दुसऱ्या वेळीं डबा कडाडून चेपला.

घरीं परततांना पेटी मीं उचलली. "राहूं द्या, बाबा," तो म्हणाला. मीं दिली नाहीं.

त्या पुस्तकाच्या मालकास आतां एवढेंच सांगणें आहे: भूमितीच्या तासाला भूमितीच वाचावी. पुढचा भाग शाळा सुटल्यावर मला आणून द्यावा.