सरळ रस्ता आणि वाकडी माणसं

झोप या विषयावर बँकेतल्या कारकुनाचं मत ग्राह्य धरायला हरकत नसावी. दुपारच्या जेवणानंतर आकड्यांचा लांबलचक रकाना समोर आला आणि सगळे आकडे निमूटपणे जुळत गेले, की डोळे मिटू लागतात. पण एका रुपयाचा फरक निघू द्या, अख्खी शाखा खडबडून जागी होते!

समृद्धी महामार्गाची अडचण हीच. तिथे फरकच निघत नाही. नागपूर ते शिर्डी रस्ता २०२२ साली सुरू झाला, २०२५ साली तो थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत आला. ७०१ किलोमीटर! वाटेत ना गाव आडवं येत, ना म्हैस. सपाटीवर मोटारीला ताशी १२०ची मुभा. हात स्थिर, पाय स्थिर, समोर पांढरं काँक्रीट. थोड्या वेळाने मेंदूही स्थिर. याला महामार्ग-संमोहन म्हणतात. डोळे उघडे, आतलं दुकान बंद. यात माणसं जिवानिशी जातात, म्हणून ही नुसती चेष्टेची बाब नव्हे.

यावर कुटुंबासारखा उतारा नाही. दिवाळीत आम्ही ठाण्याहून नागपूरला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला निघतो. सिन्नरपाशी सौभाग्यवती विचारते, "अहो, गॅस बंद केला होता ना?" जालन्यापर्यंत मागच्या सीटवरून आईने आमच्या लग्नातल्या मानपानाचं खातं उघडलेलं असतं. मेहकरपर्यंत त्यावर व्याज चढतं. मुलं खिडकीसाठी भांडत असतातच. दर दोन तासांनी थांबावं, असं जाणकार सांगतात. आम्हांला जाणकार लागत नाहीत. आईचा मधुमेह पुरतो. पंप दिसला की गाडी थांबते, पाय मोकळे होतात, चहा होतो, झोप पळते.

गेल्या खेपेला मात्र कारंज्याच्या अलीकडे गाडीतले सगळे एकदम झोपले. मानपान मिटलं, खिडकी मिटली. उरली फक्त चाकांची घरघर. इतकी शांतता मला घरी कधी लाभली नव्हती, आणि खरं सांगतो, इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. पुढच्या पंपावर गाडी घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि बायकोला हलवून म्हटलं,

"अगं, गॅस बंद केला होतास ना?"

नागपूर येईपर्यंत कुणाचा डोळा लागला नाही.