आमचे रंगकाम

जी विद्या सर्वांना सहजसाध्य वाटते, तिच्या वाटेस जाताना मनुष्याने फार सावध असावे. रंगकाम ही अशी एक विद्या होय. डबा उघडावा, कुंचला बुडवावा आणि रंग फासावा, यात शिकण्यासारखे ते काय, असे आम्हांसही वाटत होते. आणि त्या भरातच आमच्या जुन्या फिरत्या घराला स्वहस्ते रंग देण्याचे आम्ही या उन्हाळ्यात मनावर घेतले.

फिरते घर म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने १९४७ साली टिपणवहीत पेटीसारखी एक आकृती काढली. तिच्यातून या गाडीची कल्पना निघाली आणि १९५० पासून ती जर्मनीत तयार होऊ लागली. आमची गाडी १९७४ सालची. इंजिन मागे, आणि ते थंड राखावयास पाणी नव्हे, वारा. आत उलगडले की पलंग होणारे बाक, एक शेगडी, आणि छत उचलले की मुलांना निजावयास जागा. मँचेस्टरला नोकरीस असताना १९८९ साली आम्ही ती जुनीच विकत घेतली. आता मुले आपापल्या मार्गाला लागली. तेव्हा गाडी विकावी, आणि तत्पूर्वी तिचे रूप थोडे उजळावे, असे ठरले.

कारखान्यात रंग फवाऱ्याने देतात. परंतु तसल्या कित्येक रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते आणि त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. घरच्या अंगणात ते साहस नको म्हणून आम्ही साधा तेलरंग आणि फोमचा रूळ आणला. रूळ फिरवावयाचा आणि लागलीच रुंद कुंचल्याच्या टोकाने त्यावरचे बुडबुडे हळुवार मोडावयाचे, अशी ही रीत. पण रंगकामात रंग देण्याची पाळी अगदी शेवटी येते, हे ज्ञान आम्हांस उशिरा झाले. आधी दिवे, मुठी, रबरी कडा उतरवावयाच्या; मेणाचा अंश पुसावयाचा; मग २४० नंबरच्या पॉलिश-कागदापासून ४०० नंबरपर्यंत पाणी मारीत घासत जावयाचे. निळ्याखाली हिरवा लागला, हिरव्याखाली कारखान्यातला मूळचा नारिंगी. आठ दिवसांत बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या.

मागल्या चाकापाठीमागे, बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात, रंगाला एक फोड आला होता. तो खरवडताच लांबीचा भला मोठा खपला निघाला, आणि आत हाताचा पंजा जाईल एवढे भोक! कोणा महाभागाने त्यात कागदाचे बोळे कोंबून वर लांबी थापली होती. आम्ही संतापलो. आमच्या आधीच्या मालकाच्या नीतिमत्तेवर सौभाग्यवतींपुढे एक छोटेसे व्याख्यान दिले. बॅटरीचे आम्ल पत्रा खाते, कागद ओल धरतो, आणि झाकलेला गंज आतल्या आत पोसला जातो, इत्यादी. त्या शांतपणे ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी एक बोळा उलगडला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा आधीचा मालक मराठी वाचत होता का?"

कागद सांगलीच्या एका साप्ताहिकाचा होता, साल १९९२.

मग सारे आठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे वेल्सला निघावयाचे होते, मुले अधीर झाली होती, आणि हाताशी लांबीचा डबा होता. कागदही हाताशी होता. आमचे तीर्थरूप दरमहा सांगलीहून साप्ताहिकांचा गठ्ठा टपालाने धाडीत, आणि आम्ही अवश्य वाचावा अशा मजकुराच्या शेजारी तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ ओढीत. सवडीने वाचू म्हणून ते गठ्ठे आम्ही बांधलेलेच ठेवीत असू. उलगडलेल्या कागदावर ती रेघ अजून दिसत होती. तिच्या शेजारचा मजकूर मात्र गंजाने खाल्ला होता. तीर्थरूप १९९६ साली वारले. रेघ कशासाठी ओढली होती, हे आता विचारावे कोणास?

मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. म्हणजे त्या भोकात पुन्हा लांबी भरली असती, तरी ते पाहावयास कोणी येणार नव्हते. तो मोह आम्हांस झाला नाही असे म्हणणे सत्यास सोडून होईल. तथापि आम्ही कारागिराकडून सडका भाग कापवून नवा पत्रा वेल्ड करविला, अस्तर दिले आणि मग पातळ रंगाचे चार हात दिले. प्रत्येक हातानंतर दिवसभर वाळवण आणि पुन्हा घासणे. शेवटच्या हातात चार-पाच चिलटांनी देह ठेवला. दहा पावलांवरून गाडी सुरेख दिसते. गिऱ्हाईक आले की सौभाग्यवती त्याला प्रथम तोच कोपरा दाखवितात आणि इतिहासही सांगतात. गाडी अद्याप विकली गेलेली नाही.

आमचा मुलगा लंडनला असतो. काही वाचनीय दिसले की 'अवश्य वाचणे' असे लिहून आम्ही ते त्याला मोबाइलवरून पाठवितो. तत्काळ उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र येते. पूर्वी तेवढ्याने आमचे समाधान होई. हल्ली त्या अंगठ्याखाली काय आहे, ते जरा खरवडून पाहावे अशी इच्छा होते. पण आम्ही ती आवरतो.