भातकुलीचा भ

टर्मिनल म्हणजे संगणकाला आज्ञा टाईप करून द्यायची खिडकी. तिच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते: ठळक मजकूर उजळ रंगात दाखवा. नवीन संगणक हाती आला की मी आधी ती शोधते आणि तिथली खूण काढून टाकते. मग ठळकसाठी कुठला फॉन्ट येतोय ते पाहते, देवनागरीची सोय निराळी लावते आणि त्यानंतरच कामाला बसते. सोबतच्या मुलांना हा वेळ वाया घालवणं वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. कुठे थांबायचं, काय आधी वाचायचं, हे लिहिणारा जाड अक्षरातून सांगत असतो आणि ते वाचणाऱ्यापर्यंत धड पोचायलाच हवं. ही गोष्ट मी संगणकाच्या कितीतरी आधी शिकले, आईच्या टाईपरायटरवर.

आई अमरावतीला सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखक होती. तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा पास. संध्याकाळी घरी अर्ज, करारनामे, विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करायची, आणि मी शेजारी बसून कार्बन लावून द्यायचे. टाईपरायटरला अक्षरांचा एकच संच असतो, त्यात जाड-बारीक काही नाही. पत्रातली ‘विषय’ची ओळ उठून दिसायला हवी असली की ती ओळ पुरी करायची, बॅकस्पेसनं मागे यायची आणि तीच अक्षरं पुन्हा मारायची. दुसऱ्या वेळी अंगठ्यानं कॅरेज किंचित, अगदी केसभर, सरकवून धरायची. अक्षर दुहेरी व्हायचं आणि डोळ्याला जाड दिसायचं. त्याचा खरा उपयोग वरच्या प्रतीवर कळायचा नाही. खालच्या, तिसऱ्या कार्बनच्या प्रतीवर साधी अक्षरं धूसर उमटायची आणि दोनदा मारलेली ओळ तेवढी स्वच्छ वाचता यायची.

स्टेन्सिलवर मात्र ती असं करायची नाही. सायक्लोस्टाईलचा मेणकागद चढवला की फीत बाजूला काढतात आणि टाईपचा खिळा थेट मेण कापतो. मी एकदा विचारलं, ही ओळ जाड का नाही केली? म्हणाली, “अवं, स्टेन्सिलवर दोनदा माराचं नसते. अक्षराचं पोटच निघून जाते.” पोट म्हणजे व, ब, ष यांच्या आतली मोकळी जागा. दोनदा ठोका बसला की मधला तुकडा सुटून पडतो आणि छापताना तिथे शाईचा ठिपका येतो. मग स्टेन्सिलवर मथळ्याखाली रेघ ओढायची, किंवा अक्षरं सुटी-सुटी मांडायची.

आणखी एक पथ्य ती पाळायची. जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं रोजच यायची. त्यातल्या भातकुली आणि धारणी या दोन नावांवर दुसरा ठोका मारताना ती कॅरेज अजिबात सरकवायची नाही. भ आणि म यांच्यात फरक किती? डावीकडची छोटी गाठ आणि तिच्यावरची मोकळी जागा, जिथे शिरोरेषा पोचलेली नसते. ध आणि घ यांचंही तेच. ती जागा बुजली की भातकुलीची मातकुली होते आणि धारणीची घारणी. अक्षर जाड करायचं, पण त्याची ओळख पुसायची नाही, याची जाण तिच्या बोटांत होती.

मे महिन्यात आम्ही अकोल्याला मामांकडे जायचो. मामांचा छोटा जॉब प्रेस होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जिनिंगवाल्यांची बिलं. पारा पंचेचाळीसच्या वर आणि पंखा बंद, कारण पंखा लावला की ट्रेडल या पायानं चालवायच्या छपाईयंत्रावरचे कागद उडतात. मराठीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, खण खूप. मूळ अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने-मात्रा, रफार, सगळं निराळं. आणि तिथे मला नवीनच गोष्ट कळली, की छापखान्यात अक्षर दोनदा मारून जाड करता येत नाही. “पाह्य पोरी, खिळा काही फुगवता येत नाही. काळा पाहिजे त काळाच घ्या लागते,” मामा म्हणायचे. काळा टाईप म्हणजे जाड वळणाचे खिळे, वेगळे कोरलेले, वेगळे ओतलेले. ते वजनावर विकत घ्यायचे, म्हणजे सगळ्या खणांचा संच पुन्हा एकदा. लहान छापखान्याला ते झेपायचं नाही. मामांकडे काळा एकाच आकारात होता, आणि त्यातही मोजका. दोन पत्रिका एकाच वेळी लागल्या की नेमका ळ संपायचा.

हा काळा टाईप मी भिंग घेऊन पाहिला आहे. त्याचा कोरणारा फार शहाणा माणूस असणार. उभा दांडा चांगला जाड केलेला, आडवी रेघ त्या मानानं कमी, आणि पोट जपण्यासाठी अक्षर थोडं रुंद घेतलेलं. ष मधली तिरपी रेघ तर उलट बारीक केलेली, नाहीतर ती प मध्ये बुडून गेली असती. साध्या अक्षराला नुसता लेप दिला असता तर हे झालं नसतं. जाड अक्षर नव्यानं काढावं लागतं.

काळे खिळे कमी पडले की गिऱ्हाईक म्हणायचं, मग नावं लाल शाईत घ्या. मामा नाराजीनं घ्यायचे. लाल म्हणजे तोच कागद मशीनवर पुन्हा चढवायचा, खर्च दुप्पट, आणि जुळणी हलली की नाव ओळीतून वर जायचं. पण त्यांची खरी हरकत निराळी होती. “लाल त सणाचा रंग आहे. वाचणाऱ्याले थांबवाचं असंल त काळा लाव.” ‘मातृभूमी’ आणि ‘देशोन्नती’ वाचणाऱ्या शहरातला हा माणूस मथळ्याच्या जाडीवरून बातमीचं वजन ओळखायचा. टर्मिनलमधली ती चौकट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मामांचा आवाज आला, यात काहीच नवल नाही.

अमरावतीलाच अभियांत्रिकीला गेले तेव्हा प्रयोगशाळेत टर्बो सी होतं, त्या निळ्या खिडकीचं. त्यात हायव्हिडिओ नावाचं फंक्शन होतं. ते बोलावलं की पुढचा मजकूर उजळ व्हायचा. जाड व्हायचा नाही. का, ते नंतर वाचलं. आयबीएमच्या पीसीत पडद्यावरच्या प्रत्येक अक्षरासाठी दोन बाईट असतात. एकात अक्षर, दुसऱ्यात त्याचं रूप. रूपाच्या बाईटमध्ये तीन बिट अक्षराच्या रंगाचे आणि चौथा बिट तेजाचा. अक्षरांचे आकार कार्डावरच्या रॉममध्ये कायमचे कोरलेले, तिथे जाड संच नाहीच. म्हणून तेज वाढवायचं.

याचीही मुळं आणखी मागे आहेत. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ चं. त्यात ठळक अक्षर हवं तर जादा व्हिडिओ सोयींचा बोर्ड घ्यावा लागायचा, आणि तो घेतला तरी ठळक म्हणजे पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत अधिक जोरानं मारायचा, इतकंच. काचेच्या फॉस्फरवर ते प्रामाणिक होतं. झोत वाढला की अक्षर तेजाळायचं आणि कडांना किंचित फुगायचंही. टर्मिनलच्या संकेतांचे नियम लिहिणाऱ्यांनी दोन्ही मुभा दिल्या. एस्केप, चौकटी कंस, १ आणि एम एवढा संकेत आला की अक्षर ठळक करा किंवा तेज वाढवा. रंगांचे संकेत ३० ते ३७, म्हणजे आठच. त्यांना हा १ जोडला की सोळा रंग मिळतात, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी लगेच हेरलं. तपकिरीऐवजी पिवळा हवा, लाव ठळक. पुढे ९० ते ९७ हे उजळ रंगांचे स्वतंत्र संकेत आले, पण सवय गेली नाही. पुटी या टर्मिनलमध्ये आजही विचारतात, की ठळक मजकूर फॉन्ट बदलून दाखवू, रंग बदलून, की दोन्ही? ग्नोम टर्मिनलनं २०१८ च्या ३.२८ आवृत्तीत या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

रंगाचा हा उपाय कसा उलटतो, याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे सोलराइज्ड ही रंगसंगती. ईथन शूनोव्हर यांनी ती २०११ मध्ये दिली आणि ती डोळ्यांना खरोखर सुखद आहे. तिच्यात उजळ रंगांच्या आठ जागांपैकी बहुतेक जागा राखाडी छटांना दिल्या आहेत. ‘एलएस’ आज्ञा चालवता येणाऱ्या फायली ठळक हिरव्यात दाखवते. ठळकचा उजळ केला की हिरव्याच्या जागी फिकट राखाडी येतो, म्हणजे जो रंग दुय्यम टिपणांसाठी ठेवलेला आहे तोच. जिच्याकडे बोट दाखवायचं ती फाइलच मागे सरकते.

युनिक्सच्या जगात आईचा हातही मला सापडला. एनरॉफ हा जुना कार्यक्रम छपाईयंत्रासाठी मजकूर तयार करताना ठळक अक्षराकरता अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर अशी जोडी पाठवायचा. मजकूर पानापानानं दाखवणाऱ्या ‘लेस’ला आजही ती जोडी कळते. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला दुहेरी ठोक्याचा स्वतंत्र संकेत होता. आणि १९८४ पासून चालत आलेल्या एक्सटर्म या टर्मिनलला जाड फॉन्ट मिळाला नाही, तर तो तेच अक्षर एक पिक्सेल बाजूला सरकवून दुसऱ्यांदा काढतो. अंगठ्यानं केसभर सरकवलेली कॅरेजच ती.

देवनागरीपुरतं आपल्याकडे याचा विचार झाला होता, हे सांगायला मला अभिमान वाटतो. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं, आणि १९९१ च्या इस्की मानकात, आयएस १३१९४ मध्ये, अक्षरांबरोबर त्यांच्या रूपाचाही संकेत ठेवला. २३९ क्रमांकाचं चिन्ह आलं की पुढचा बाईट सांगतो, इथून ठळक, तिरपं, अधोरेखित, बाह्यरेषेचं किंवा छायेचं. टर्मिनलच्या संकेतासारखीच ही रचना, पण भारतीय लिप्यांसाठी आणि मजकुराच्या आतच. युनिकोडनं रूप हा विषय वरच्या थरावर सोपवला. ते तत्त्व मला पटतं. तरी जुन्या इस्की फायली युनिकोडमध्ये आणताना हे संकेत कचरा समजून फेकलेले मी पाहिलेत, आणि त्यांच्याबरोबर कुणीतरी विचारपूर्वक ठळक केलेल्या ओळी सपाट झालेल्या पाहिल्यात. त्याचं वाईट वाटतं.

आता मी अकोल्यात राहते आणि शेतकऱ्यांच्या, गावांच्या, कापूस खरेदीच्या याद्यांवर काम करते. हजारो ओळी, सगळ्या मराठीत, आणि शोधायचं साधन ग्रेप. ग्रेपला रंग लावला की सापडलेला शब्द ०१;३१ मध्ये येतो, म्हणजे ठळक आणि लाल. एका दुपारी भातकुली शोधलं आणि पडद्यावर ओळीमागून ओळ मातकुली दिसू लागली. यादी बरोबर होती. संगणकावर देवनागरीसाठी लोहित फॉन्ट लागलेला होता. लोहित चांगला, मुक्त फॉन्ट आहे, पण तो एकाच जाडीत येतो. जाडी मागितली आणि ती नसली की फॉन्ट निवडून देणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या ‘९०-सिंथेटिक’ या फायलीतला नियम म्हणतो, आहे तेच अक्षर फुगवा. रेषांना सगळीकडून सारखाच लेप बसतो. भच्या डाव्या खांद्यावरची मोकळी जागा बुजते, षचं पोट भरतं.

उपाय कठीण नाही. तो नियम मी काढून टाकला आणि देवनागरीसाठी ज्यांचं जाड रूप खरोखर काढलेलं आहे असे फॉन्ट पुढे लावले. नोटो सान्स देवनागरी नऊ जाड्यांत मिळतो. मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता सात जाड्यांत, आणि तोही मुक्त. मुक्ताचा जाड भ मी मोठा करून पाहिला. उभा दांडा भरलेला, गाठ सुटी, वरची जागा शाबूत. मामांच्या केसमधल्या काळ्या खिळ्यात पाहिलेली तीच समज. ज्यांनी हे काढलं त्यांनी आपल्या तालुक्यांची नावं वाचता येतील अशी सोय केली आहे, आणि या कामाची किंमत आपण मराठी माणसांनी ओळखायला हवी. लोहितचं जाड रूपही कुणीतरी बसून काढावं, असं मला फार वाटतं. कितीतरी लिनक्स यंत्रांवर मराठीसाठी तोच पहिला पोचतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. टर्मिनलचा पडदा सारख्या घरांचा, आणि आपली अक्षरं घरात मावणारी नाहीत. ग्रेपला ‘भातकुल’ एवढंच दिलं तर ल ठळक होतो आणि त्याची वेलांटी सुटून, ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून, साध्या अक्षरात शेजारी उभी राहते. जाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे टर्मिनलनं अक्षर धरून ठरवायला हवं, संकेतांक धरून नव्हे. तोवर मी शोधताना गावाचं नाव अर्धवट देत नाही, पूर्ण लिहिते, आणि हाताखालच्या मुलांनाही तसंच करायला सांगते.