लाल डगल्यांच्या नावाचा रस्ता

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, अमेरिकेच्या सीमेला जवळजवळ समांतर, 13 नंबरचा हायवे पूर्व-पश्चिम धावतो. लांबी सुमारे पावणेसातशे किलोमीटर. बहुतेक सगळा दुपदरी, वाहतूक इतकी तुरळक की समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरून बोट उचलून आपल्याला नमस्कार करतो. विनिपेगपासून आल्बर्टातल्या फोर्ट मॅक्लाउडपर्यंत तीन प्रांतांतले रस्ते जोडून जो सुमारे 1300 किलोमीटरचा 'रेड कोट ट्रेल' आखला आहे, त्याचा हा मधला आणि सर्वांत लांब तुकडा. 1874 मध्ये नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांचे लाल डगलेवाले शिपाई या भागातून पश्चिमेला गेले, म्हणून हे नाव. पर्यटनखात्याला ते शोभतं. मी मात्र रस्त्याखालच्या मातीचा अभियंता. माझ्या लेखी हा रस्ता शिपायांचा नाही, गव्हाचा आहे.

शिपायांची कथा रंगतदार आहे, नाही असं नाही. 1873 मध्ये सायप्रस हिल्समध्ये अमेरिकेतून आलेल्या लांडगे-शिकाऱ्यांनी असिनिबॉइन लोकांची कत्तल केली आणि नव्या पोलीसदलाच्या भरतीला घाई आली. पुढच्या वर्षी 8 जुलैला मॅनिटोबातल्या फोर्ट डफरिनहून सुमारे 275 जण निघाले. सोबत बैल, गाड्या, गवत कापायची यंत्रं, दोन तोफा. पूर्वेकडून आणलेले देखणे घोडे प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या माळरानाच्या, गवतावर तग धरेनात, वाटेत मरू लागले. दारूच्या व्यापाऱ्यांचा फोर्ट व्हूप-अप जिथे असेल असं समजून ते बो नदीच्या संगमावर पोहोचले, तिथे काहीच नव्हतं. शेवटी जेरी पॉट्स नावाच्या वाटाड्याने त्यांना योग्य ठिकाणी नेलं, तोवर ऑक्टोबर उजाडला होता आणि व्यापारी पसार झाले होते. पण नकाशा उघडून पाहा. ते थांबले तो रोश पर्से हा खडक आजच्या हायवेच्या दक्षिणेला राहतो आणि ओल्ड वाइव्ह्ज तलाव उत्तरेला. त्यांची वाट आजच्या रस्त्याला छेदून गेली, त्याच्यावरून गेली नाही.

रस्त्याची पहिली रेघ मारली ती भूमापकांनी. कॅनडा सरकारने सगळी प्रेअरी सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत कापली. एका चौकोनात 36 सेक्शन, एका सेक्शनमध्ये 640 एकर, आणि वसाहतकऱ्याला दहा डॉलर फी भरून त्यातला चतकोर म्हणजे 160 एकर. या चौकटीतच रस्त्यांसाठी 66 फूट रुंदीच्या पट्ट्या राखून ठेवल्या होत्या: उत्तर-दक्षिण दर मैलाला एक, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना एक. टेकडी आडवी येते की दलदल, याची चौकशी नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून दर 24 मैलांवर हिशेब जुळवायला रेघ थोडी सरकवावी लागली. आजही 13 नंबरवरून गाडी फाट्याने उत्तरेला वळवली, की नाकासमोर जाणारा खडीचा रस्ता मध्येच कारण नसताना बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. नवख्या ड्रायव्हरला हा बांधणाऱ्याचा गलथानपणा वाटतो.

या 66 फुटी पट्ट्यांवर माणसंही राहिली. सरकारविरुद्धच्या 1885 च्या उठावानंतर जमिनी गमावलेल्या मेटी कुटुंबांनी जिथे कोणाचाच सातबारा नव्हता अशा या सरकारी पट्टीवर झोपड्या बांधल्या. मूळ रहिवासी आणि फ्रेंच-स्कॉटिश व्यापारी यांच्या संयोगातून तयार झालेला हा समाज. बैलगाड्यांनी प्रेअरीत वाटा पाडल्या त्या याच लोकांनी, आणि पुढे ते 'रोड अलाउन्सचे लोक', म्हणजे रस्त्यासाठी राखलेल्या पट्टीवरचे लोक, म्हणून ओळखले गेले. पुढे तिथूनही अनेकांना उठवलं गेलं. लाल डगल्यांना मिळालेलं स्मारक यांनाही मिळायला हवं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी रेघ रेल्वेची. जॉन पॅलिसर या भूसंशोधकाने 1857 ते 1860 या मोहिमेत हा त्रिकोणी कोरडा प्रदेश शेतीला नालायक ठरवला होता. तरी 1908 नंतर इथे घरवस्तीची झुंबड उडाली, आणि 1912-13 च्या सुमारास कॅनेडियन पॅसिफिकची शाखा असिनिबोया, शॉनव्हॉन अशी पश्चिमेला सरकत गेली. दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन आणि धान्याचे उंच लाकडी कोठार, म्हणजे एलिव्हेटर. शेतकऱ्याची घोडागाडी गहू घालून दिवसाउजेडी घरी परतली पाहिजे, एवढाच त्या अंतराचा हिशेब. लाफ्लेश, किंकेड, अ‍ॅनरॉइड, पॉन्टेक्स, कॅडिलॅक, अ‍ॅडमिरल ही गावं त्या हिशेबातून उभी राहिली, आणि रस्ता या स्टेशनांना जोडत गेला. पॅलिसरचं म्हणणं 1930 च्या दशकात खरं ठरलं. धुळीच्या वादळांत पिकं गेली, पेट्रोलला पैसे उरले नाहीत. लोकांनी मोटारींची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपले आणि पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावाने त्यांना 'बेनेट बग्गी' म्हणू लागले.

याच रस्त्यावरच्या ईस्टएंड गावाला जरूर थांबा. सपाटीवरून रस्ता एकदम फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात उतरतो. 1991 मध्ये इथे सापडलेला 'स्कॉटी' हा टायरॅनोसॉरस आजवरच्या सर्वांत अवजड टी. रेक्सांपैकी एक मानला जातो. लेखक वॉलेस स्टेग्नरचं बालपणही इथलंच.

आता माझ्या मातीकडे येतो. मी मूळचा परभणीकडचा. पावसात बैलाचे पाय रुतवणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती पाहत वाढलो. वेबर्न-रिजायना पट्ट्यातली हिमयुगीन सरोवराच्या तळाची चिकणमाती तिची सख्खी बहीण आहे. दोन्हींत पाणी पिऊन फुगणारी तीच खनिजं. इकडचे लोक तिला 'गम्बो' म्हणतात. फरक थंडीचा. इथे जमीन दीड-दोन मीटर खोल गोठते, गोठताना खालचं पाणी वर ओढते आणि त्याचे बर्फाचे थर होतात. एप्रिलमध्ये वरचा थर वितळतो, खालचा तसाच. पाण्याला खाली वाट नाही, आणि रस्ता अक्षरशः चिखलावर तरंगतो.

ते मोजायचं एक जुनं आणि माझं आवडतं साधन म्हणजे बेंकेलमन बीम. माल भरलेल्या ट्रकच्या मागच्या जुळ्या टायरांच्या फटीत एका लांब दांड्याचं टोक ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला डायलवर नजर लावून बसायचं. ट्रक मुंगीच्या पावलाने पुढे सरकतो, दबलेला रस्ता वर येतो आणि काटा हलतो. ऑगस्टमध्ये जिथे काटा थोडा सरकून थांबतो, तिथेच एप्रिलच्या शेवटी तो फिरतच राहतो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, वहीवर आकडे लिहिणाऱ्याची बोटं सुन्न होतात. म्हणूनच वसंतात ट्रकच्या वजनांवर बंधनं येतात आणि हिवाळ्यात, जमीन टणक असताना, जादा वजनाची सवलत मिळते. शेतकऱ्यांना या तारखा पाठ असतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सस्कॅचेवानने हजारो किलोमीटर ग्रामीण रस्त्यांवर खडीचा पाया न घालता मातीच्या भरावावरच डांबराचा पातळ थर दिला. धूळ बसावी, मोटारी चालाव्यात, एवढाच हेतू. त्यावेळच्या वाहतुकीला तो पुरेसा होता, त्यावरून आज अभियंत्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. गणित बिघडलं ते दुसरीकडे. 1897 च्या करारातून आलेला 'क्रो रेट', म्हणजे रेल्वेने धान्य वाहण्याचा सवलतीचा दर, 1983 मध्ये गेला. त्याच्या जागी आलेलं सरकारी अनुदान 1995 मध्ये संपलं. शाखामार्ग उखडले गेले, लाकडी एलिव्हेटर पाडले गेले, आणि दूरवरच्या काँक्रीटच्या अवाढव्य कोठारांकडे गहू ट्रकने जाऊ लागला. 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमध्ये झालेल्या मोठ्या रस्ते-चाचणीतून निघालेला नियम असा: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. रेल्वेने वाचवलेला पैसा प्रांताच्या रस्तेखात्याच्या अंगावर आला. थर फुटले, कुठे कुठे तर डांबर खरवडून पुन्हा खडी पसरावी लागली. उत्तरेकडच्या 32 नंबरच्या हायवेवर लीडर गावच्या मंडळींनी खड्ड्यांत कपड्यांविना बसून कॅलेंडरसाठी फोटो काढून घेतले. निषेधाचा इतका गारठलेला प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

या ट्रकमध्ये आता नुसता गहू नसतो. सस्कॅचेवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी 1970 च्या दशकात मसुरीवर काम सुरू केलं, आणि या कोरड्या पट्ट्यात मसूर आणि पिवळा वाटाणा रुजले. मोठं गिऱ्हाईक भारत. 2017 च्या अखेरीस भारताने वाटाणा आणि मसुरीवर आयातशुल्क लावलं, तेव्हा शॉनव्हॉनच्या कॉफीच्या टेबलावर दिल्लीतल्या मंत्रिमंडळाची चर्चा ऐकून मी चाट पडलो होतो. चहाच्या टपरीवर उसाच्या दराची चर्चा व्हावी तशीच.

याच शॉनव्हॉनमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ऑफिस आहे. मोठ्या कंपनीने नको म्हटलेले रूळ 2004 मध्ये स्थानिक शेतकरी आणि ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी मिळून विकत घेतले. साखर कारखान्यांच्या मुलुखातल्या माणसाला यात नवल वाटू नये. धान्याच्या एका वाघिणीत दोन मोठ्या ट्रकांहून अधिक माल मावतो, म्हणजे सुगीत रोज थोड्या वाघिणी जरी भरल्या तरी शेजारच्या डांबरावरून केवढं ओझं उतरतं ते बघा. रस्ता जाड करण्यासाठी निधी मागायला गावोगावची मंडळी येतात, तेव्हा मी आधी रुळांची विचारपूस करतो. त्यांना वाटतं मी विषय टाळतोय.