‘तक्रारला’ नव्हे, ‘तक्रारीला’

आमच्या होस्टेलच्या ऑफिसात एक तक्रारवही असायची. नळ गळतो, पंखा फिरत नाही, गीझर बंद आहे... लिहायचं, सही करायची आणि वाट बघायची. गेल्या वर्षी ही वही संगणकावर न्यायचं काम आम्हा दोघा रूममेट्सच्या गळ्यात पडलं. आम्ही बगझिला घेतलं. मोझिलाने 1998 साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं, फुकट मिळणारं. मुळात ते प्रोग्राममधले दोष नोंदवण्यासाठी आहे, पण गळका नळ हाही दोषच की!

अडचण एकच. वही वाचून पान्हा घेऊन निघणारे आमचे मामा इंग्रजी वाचत नाहीत. मराठी मात्र झरझर वाचतात. तेव्हा पडद्यावरचे शब्द बदलणं आलं.

बगझिलात हे शब्द बहुतेक सगळे टेम्प्लेट फाइलींत असतात. ‘टेम्प्लेट’ फोल्डर उघडलं की आत भाषेचं फोल्डर, इंग्रजीसाठी ‘ईएन’. त्याच्या आत ‘डिफॉल्ट’. आणि त्यात कामाप्रमाणे खण पाडलेले: खात्यासाठी ‘अकाउंट’, नोंदीसाठी ‘बग’, यादीसाठी ‘लिस्ट’, आणि सगळीकडे लागणाऱ्या गोष्टींसाठी ‘ग्लोबल’. या ‘ग्लोबल’मध्ये वापरणाऱ्याच्या चुकांची एक फाइल आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या चुकांची दुसरी. चूक कोणाची हे इतकं स्वच्छ वेगळं काढलेलं मी तरी आमच्या घरात कधी पाहिलं नाही.

मी सरळ ‘डिफॉल्ट’मध्येच मराठी लिहीत सुटलो. दोन आठवड्यांनी बगझिलाची नवी आवृत्ती जुन्यावर उघडली आणि सगळं मराठी पुसलं गेलं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ‘डिफॉल्ट’ला हात लावू नका, बदललेली फाइल त्याच नावाने ‘कस्टम’ फोल्डरात ठेवा, प्रोग्राम आधी तिथे बघतो. मॅन्युअल मी नंतर वाचलं. मग ‘ईएन’च्या शेजारी ‘एमआर’ असं वेगळं फोल्डरच केलं. रूममेट कन्नड घरातला. त्याने लगेच ‘केएन’ केलं. बेळगावात या दोन भाषा इतक्या शांतपणे शेजारी बसलेल्या बघून आम्हालाच हसू आलं.

खरी गंमत पुढे. ‘ग्लोबल’मध्ये शब्दांची एक छोटी फाइल आहे. तिथे ‘बग’च्या जागी दुसरा शब्द घातला की तो बाकीच्या सगळ्या फाइलींत आपोआप जाऊन बसतो. मी ‘तक्रार’ घातलं आणि मामांना बोलावलं. पडद्यावर होतं, ‘तक्रार ला उत्तर द्या’, ‘तक्रार ची यादी’.

मामा म्हणाले, “हे कोण लिवलंय? नवीन आलेलं पोरगं काय?”

अकरावीत सरांनी सामान्यरूप शिकवलं तेव्हा मी शेवटच्या बाकावर पेंगत होतो. ते असं परत भेटलं. इंग्रजीवाल्यांनी स्वतःच्या भाषेची सोय केलेली आहे बरं का! ‘अ बग’ला वेगळी जागा, ‘बग्ज’ला वेगळी, कारण कोणी ‘बग’चा ‘इश्यू’ केला तर ‘अ’चा ‘ॲन’ व्हायला हवा. आपल्या विभक्तीची सोय मात्र आपणच करायची. मी आणखी जागा पाडल्या: ‘तक्रार’, ‘तक्रारी’, ‘तक्रारीं’. पुढे ला, ची, वर हे सगळं न तोडता चिकटवायचं. मग एकेक फाइल उघडून कुठे कुठलं रूप लागतं ते बघत बसलो. रात्री दोन वाजता रूममेट उठून म्हणाला, “काय करालास रे अजून?” सांगितल्यावर म्हणाला, “आमच्यात पण तसंच आहे की,” आणि दिवा लावून माझ्याशेजारी येऊन बसला.

शोधून काहीच सापडलं नाही तर बगझिला मुद्दाम मोडक्या इंग्रजीत ‘झॅरो बूग्ज’ म्हणतं. तो विनोद मराठीत आणायचा नाद मी सोडला. तिथे नुसतं लिहिलं, ‘एकही तक्रार नाही’. मामांनी हे वाक्य अजून पाहिलेलं नाही. गीझरच्या कृपेने लवकर बघतील असंही दिसत नाही.

वापरणाऱ्याच्या चुकांची ती फाइल फार लांबलचक आहे, निम्मीच झालीय. त्यामुळे अजूनही मामांचं बोट चुकीच्या ठिकाणी पडलं की पडदा त्यांच्यावर इंग्रजीत ओरडतो, आणि ते मला हाक मारतात.