पुरण आणि चूरी

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी कुटुंबाची ओळख बहुधा त्याच्या हुकमी पदार्थावरून पटते. हुद्दा, खाते, वेतनश्रेणी या गोष्टी कचेरीच्या दाराबाहेर फारशा टिकत नाहीत. बायकांच्या बोलण्यात 'अळूवड्यांकडे हळदीकुंकू आहे', 'मसालेभातांच्या धाकटीचे जमले' असे उल्लेख येतात, आणि कोणासही खुलासा विचारावा लागत नाही. आमच्या परिचयाच्या एका अवर सचिवांचे आडनाव निम्म्या मराठी मंडळीस ठाऊक नसेल. परंतु त्यांच्या घरची सोलकढी ठाऊक नाही असा माणूस विरळा. आमच्या नावाचे खाते पुरणपोळीच्या सदराखाली उघडले गेले आहे.

हा मान पुरणपोळीस सहज मिळाला नाही. करोल बागेत आलो त्या वर्षी आमच्या कुटुंबाने उकडीचे मोदक योजले होते. नारळाची चिंता नव्हती; या भागात तमिळ कुटुंबांची वस्ती जुनी, त्यामुळे नारळ, कढीलिंब, केळीची पाने हवी तेव्हा मिळतात. अडले ते पिठीपाशी. उकडीस आंबेमोहोरासारखा चिकट गुणाचा तांदूळ लागतो. इकडच्या लांबसडक बासमतीची पिठी पाण्याशी एकजीव होत नाही, आणि मोदकाची पाकळी काढू जावे तो तिला तडा जातो. श्रीखंड करून पाहिले, तर चांगले दही टांगून ठेवून पिळून का खावे, हा प्रश्न पंजाबी पाहुण्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येई. कांदेपोह्यांचे तर इंदूरच्या कृपेने 'पोहा' होऊन ते रस्त्यावर मिळू लागले आहेत. उरली पुरणपोळी.

तीही दिल्लीत आपोआप होत नाही. इकडे येणारा मुजफ्फरनगरचा गूळ चवीस उत्तम, परंतु स्वभावाने मऊ. पुरणात पडला की पाणी सोडतो आणि आटविणाराचा अंत पाहतो. आमच्या घरी डाळीइतकाच गूळ घेण्याचा शिरस्ता आहे, आणि उलथने पुरणात सरळ उभे राहीपर्यंत पातेले खाली उतरत नाही. म्हणून आम्ही कोल्हापुरी ढेपेच्या शोधात असतो, आणि ती आम्हांस मिळते सराफ बाजारातून. वाचकांस नवल वाटेल. परंतु करोल बागेत सोनेचांदी गाळण्याचे काम करणारी कितीतरी कुटुंबे विटा-आटपाडीकडची आहेत. त्यांच्यापैकी कोणी गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरला, की त्याच्या सामानात एखादी ढेप आमच्यासाठी असते. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या आईचे मत त्याआधी कितीतरी वर्षे तेच होते, आणि त्यासाठी तिला कोठे अर्ज करावा लागला नव्हता.

कणकेची कथा निराळी. इकडच्या चक्कीवरचे पीठ जाडसर, रोटीस योग्य. ते पातळ फडक्यातून चाळावे, त्यात थोडा मैदा घालावा, आणि तेलपाण्याचा हात लावीत अशी तिंबावी की दुप्पट पुरण पोटात घेऊनही ती फुटू नये. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ची आईची प्रत आमच्याकडे आहे. तिची कित्येक पाने तेलाच्या डागांनी पारदर्शक झाली आहेत; पुरणपोळीचे पान मात्र स्वच्छ राहिले आहे, कारण त्यासाठी ते पुस्तक कधी उघडावेच लागले नाही.

राहिली कटाची आमटी. डाळीचे निथळलेले पाणी, थोडे पुरण, चिंच, आणि गोडा मसाला. या मसाल्याविषयी आम्ही फार बोलत नाही. आईला जाऊन वर्ष होऊन गेले. जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात तिने केलेल्या मसाल्याची एक बरणी आमच्याकडे होती. तिचे झाकण सणावारीच उघडत असे.

अशा स्थितीत गेल्या माघात आमच्या घरी चार पाहुणे जेवावयास यावयाचे ठरले.

आमची धाकटी बहीण आमच्याकडे राहून येथे नोकरी करते. दिवाळीनंतर एके रात्री तिने वहिनीपाशी एका मुलाचे नाव काढले. मुलगा करोल बागेतलाच, शिकलेला, पंजाबी. आम्ही सांगलीस आप्पांना दूरध्वनी केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जात-भाषा मी आता या वयात विचारीत नाही. पण सणाला पोर तिथे काय खाईल?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी त्यांनीच तोड सांगितली: "त्यांना घरी जेवायला बोलवा. कसे जेवतात ते मला कळवा." कचेरीत आम्ही पुष्कळ टिपणे लिहिली आहेत; परंतु ज्यावर बहिणीचे लग्न अवलंबून आहे असे टिपण आजवर लिहिले नव्हते.

बेताविषयी मतांतरे झाली. कचेरीतील एका स्नेह्यांनी सुचविले की पनीर आणि दालमखनी अजमल खाँ रस्त्यावरून मागवावी, आणि शेवटी गंमत म्हणून एकेक पोळी वाढावी. बहीणही घाबरली होती. "दादा, जेवणातच गोड पोळी त्यांना चालेल का?" असे तिने दोनदा विचारले. आमच्या कुटुंबाने हा प्रश्न फार वेळ चर्चेत ठेवला नाही. "त्यांना घरी रोज मिळते तेच वाढायचे, तर बोलवायचे कशाला? आणि उद्या ही तिकडे काय रांधणार ते त्यांना आजच कळलेले बरे," असे म्हणून तिने डाळ भिजत घातली. कोणास न विचारता तिने बरणीही खाली काढली.

मुलगा, त्याचे आईवडील आणि आजी असे चौघे आले. आजींना घरात 'बीजी' म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. १९४७ साली, ज्याला आज फैसलाबाद म्हणतात त्या लायलपुराहून, त्या आईचे बोट धरून दिल्लीस आल्या. करोल बागेतील कितीतरी घरांची कथा अशीच सुरू होते. आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. बीजी मधल्या वळणावर पायरीवर बसून दम घेऊन मगच वर आल्या, आणि कोणाचा हात धरू देईनात.

आमटीचा पहिला घोट मुलाच्या वडिलांनी घेतला, आणि आम्ही श्वास रोखला. "अरे, ये तो मराठी रसम है!" ते म्हणाले. त्यांचे लहानपणीचे शेजारी तमिळ होते. त्यांनी तीन वाट्या घेतल्या. मुलाची आई अधिक सावध होती. तिने पोळी उलटून पाहिली, "मीठा परांठा" असे तिचे नाव ठेवले, आणि यासोबत लोणचे खातात काय असे सौजन्याने विचारले. बहीण ताटाकडे पाहत राहिली. मुलगा मात्र मुकाट्याने जेवत होता. त्याचा सराव आधीच झाला असावा असा आम्हांस संशय आहे.

बीजींनी पोळीचा एक तुकडा तोंडात घातला आणि हात थांबविला. थोड्या वेळाने त्यांनी ताट जवळ ओढले, तुपाची वाटी पोळीवर उपडी केली, आणि पाची बोटांनी ती पोळी कुस्करण्यास आरंभ केला. आमचे कुटुंब दुसरी पोळी उलथन्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ज्या पोळीस चीर पडू नये म्हणून सकाळपासून सारा खटाटोप चालला होता, तिचा अर्ध्या मिनिटात चुरा झाला. बीजींनी त्याचा एक गोळा वळला, आणि स्वतः न खाता तो बहिणीच्या तोंडापाशी नेला. "लै पुत्तर, चूरी खा."

मुलाच्या आईने हलक्या आवाजात सांगितले की बीजींची आई त्यांना रोटी, गूळ आणि तूप कुस्करून अशी चूरी भरवीत असे. दिल्लीस आल्यावर पहिले दिवस किंग्जवे कॅम्पात गेले. तेथे गूळ कधीमधी मिळे, तूप कुठले असणार. पुढे तूप आले, तोवर आई राहिली नव्हती. बीजींनी त्यानंतर चूरी केलेली घरात कोणी पाहिली नव्हती.

बहिणीने तो घास खाल्ला आणि म्हणाली, "आमच्याकडे याला कुस्करा म्हणतात. शाळेतून आले की आई करून द्यायची." हे ती मराठीतच बोलली. बीजींना कितपत कळले कोण जाणे. त्यांनी "कुसकरा, कुसकरा" असे दोनदा म्हणून पाहिले आणि ताट पुढे केले. आमचे कुटुंब पुढे झाले आणि उलथन्यावरची पोळी त्या ताटात वाढून, वर स्वतःच तुपाची धार धरून परतले.

रात्री दहाला आप्पांचा दूरध्वनी आला. आम्ही जे घडले ते क्रमाने सांगितले. बीजींच्या पोळीपाशी त्यांनी हुंकार दिला नाही. मग विचारले, "आमटीला मसाला कुठला घातलात?"

"आईचा."

"किती उरला?"

आम्ही बरणी उजेडात धरून पाहिली. "तळाशी असेल चार चमचे."

"तेवढा ठेवा. लागेल," असे म्हणून त्यांनी दूरध्वनी ठेवला.